‘त्रिशंकू’ उभारताना: श्रुतिका मालिकेसाठी अंतराळ स्थानक, कामाच्या नोंदी

आठ भागांची विज्ञान श्रुतिका मालिका, प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. सगळं कथानक एका अंतराळ स्थानकात घडतं. आम्ही चौघं: लिहिणारा मी, दिग्दर्शिका, आवाजाचं सगळं बघणारा एक मित्र आणि हिशेब तपासणारी एक यंत्र अभियंता मैत्रीण. ही मैत्रीण आली तेव्हा तीन भाग लिहून झाले होते. तिला पहिल्या दिवशीच बोलवायला हवं होतं. खालच्या निम्म्या नोंदी त्या एका चुकीपोटी आहेत.

८ जानेवारी

तीन भाग तयार, ६४ पानं. स्थानकाबद्दल वहीत एवढंच लिहिलेलं: ‘मोठं चाक, फिरतं, म्हणून आत वजन असतं. पृथ्वीभोवती घिरट्या. दोन हजार माणसं. नाव ध्रुव.’ श्रुतिकेत काही दिसत नाही, मग एवढं पुरे, असं मला वाटत होतं.

मैत्रिणीने वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्या पानावर थांबून विचारलं, “चाक केवढं आहे?”

मी म्हणालो, पन्नास मीटर व्यासाचं. आकडा आवडला म्हणून घेतला होता. व्हर्नर फॉन ब्राउन यांनी १९५२ साली मांडलेलं चाक सुमारे ७६ मीटर व्यासाचं होतं, त्यापेक्षा आपलं थोडं लहान, एवढाच त्यामागचा विचार.

“आणि आत वजन पृथ्वीइतकं?”

“हो.”

तिने कागदाच्या कोपऱ्यात हिशेब केला. २५ मीटर त्रिज्येला पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर चाकाला मिनिटाला सहा फेरे घ्यावे लागतात, म्हणजे दहा सेकंदाला एक. पावलांपाशी जेवढा ओढ असतो त्यापेक्षा डोक्यापाशी सुमारे सात टक्के कमी. मान वळवली की कानातला तोल बिघडणार. माझी नायिका पहिल्याच प्रसंगात झटकन मागे वळून बघते. ती तिथेच ओकली असती.

९ जानेवारी

आज फक्त आकडे. सूत्र एकच: फिरण्याच्या वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. पृथ्वीइतकं वजन हवं असेल तर मिनिटाला तीन फेऱ्यांना ९९ मीटर त्रिज्या लागते, दोन फेऱ्यांना २२४ मीटर आणि एका फेऱ्याला जवळजवळ ९०० मीटर. १९७५ साली स्टॅनफर्डच्या उन्हाळी अभ्यासात मांडलेलं चाक याच कारणाने १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. ते मिनिटाला एक फेरा घेतं आणि त्यात दहा हजार माणसं राहतात. आम्हाला एवढं शहर नको होतं. सगळे सगळ्यांना ओळखतात अशी वस्ती हवी होती.

मिनिटाला दोन फेऱ्यांपर्यंत बहुतेकांना त्रास होत नाही, असं सर्वसाधारणपणे धरतात. ते पक्कं केलं. वजन मात्र पृथ्वीच्या निम्मं घेतलं. त्यामुळे त्रिज्या ११२ मीटर झाली, परीघ ७०४ मीटर आणि एक फेरा बरोबर तीस सेकंदांचा. माणसं दोन हजारांवरून १६० वर आणली.

हे तीन आकडे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावले: ११२, ३०, निम्मं. पुढच्या चार महिन्यांत जेवढ्या वेळा त्या कागदाकडे बघितलं तेवढ्या वेळा संहितेकडेही बघितलं नसेल.

तीस सेकंदांना एक गिरकी घेणाऱ्या वस्तूला ‘ध्रुव’ म्हणणं हास्यास्पद झालं. नाव काढून टाकलं. नवीन सुचत नाही.

१३ जानेवारी

खिडकीचा प्रसंग गेला. नायिका, मुक्ता, खिडकीशी बसून पृथ्वीकडे बघत आईची आठवण काढते, साडेतीन मिनिटांचं स्वगत. आता तिच्या खिडकीतून तारे तीस सेकंदांत एक पूर्ण चक्कर मारतात. पृथ्वी येते, सरकते, जाते. स्वगत म्हणायचं तर पृथ्वी सात वेळा येऊन गेली असती. शिवाय त्या चाकात ‘खाली’ म्हणजे बाहेर, त्यामुळे आकाश बघायची खिडकी जमिनीत असते.

दोन दिवस रुसून बसलो. मग स्वगत तोडून सात तुकडे केले. पृथ्वी समोर आली की ती एक वाक्य बोलते, गेली की थांबते. दिग्दर्शिका म्हणाल्या, “हे आधीपेक्षा बरं आहे, आणि तुम्हाला ते कबूल करायचं नाहीये.”

खरं आहे.

१९ जानेवारी

जागा बदलली. ‘पृथ्वीभोवती घिरट्या’ म्हणजे मी आंतरराष्ट्रीय स्थानकासारखी, सुमारे ४०० किलोमीटर उंची धरली होती. तिथे साधारण दीड तासाला एक फेरी होते, दिवसाला सोळा सूर्योदय. तेवढ्या उंचीवरही विरळ हवा असतेच आणि ती वेग खाते. स्थानकाला अधूनमधून वर ढकलावं लागतं. स्कायलॅबला वर ढकलणारं कोणी पोचू शकलं नाही आणि ते जुलै १९७९ मध्ये कोसळलं. आमचं चाक त्याहून कितीतरी मोठं.

पण खरी अडचण कथेची होती. चारशे किलोमीटरवरून माणूस काही तासांत घरी येतो. मग माझी माणसं तिथे अडकतात कशी?

स्थानक एल-५ बिंदूवर नेलं. पृथ्वीपासून आणि चंद्रापासून सारख्याच अंतरावर, सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर. वस्तू तिथे फारशी ढकलाढकल न करता टिकते. ना पृथ्वीची, ना चंद्राची. हे वाक्य मी मोठ्याने म्हटलं आणि नाव मिळालं: त्रिशंकू. आवाजवाल्याची हरकत, की ऐकणाऱ्याला आधी विधानसभा आठवेल. तो विनोद चौथ्या भागात एका पात्राच्या तोंडी घालून मिटवला.

जागा बदलल्याची किंमत: तीन भागांतले मिळून ११ प्रसंग पुन्हा लिहिले, सहा संध्याकाळी गेल्या.

२४ जानेवारी

शब्दांची अडचण. तिथे राहणारी माणसं स्थानकाच्या भागांना काय म्हणतील? मी ‘मध्यवर्ती कक्ष’, ‘त्रिज्यीय मार्गिका’, ‘बाह्य वलय’ असं लिहून ठेवलं होतं. वाचनाच्या वेळी नट अडखळले. ‘त्रिज्यीय मार्गिकेत ये लवकर’ असं कोणी ओरडणार नाही.

मग बैलगाडीच्या चाकाकडे गेलो. आपल्याकडे त्याचे सगळे शब्द तयार आहेत. मधला गाभा तो तुंबा. तिथून बाहेर जाणारे ते आरे. बाहेरची कड ती धाव. ज्याभोवती सगळं फिरतं तो आस. धावेत राहायचं, आऱ्यातून वर जायचं, तुंब्यात यान लागतं. ‘धाव’ हा शब्द तर फुकट दुहेरी निघाला, कारण लोक व्यायामाला पळतात ते धावेतच.

‘आस’ने मात्र घोटाळा केला. ‘तो आसाकडे गेला’ हे नटाने इतक्या हळव्या सुरात वाचलं की सगळे हसले. तरी शब्द ठेवला.

फिरण्याची दिशा आणि तिच्या उलट दिशा यांनाही रोजचे शब्द हवे होते. ‘उजवीकडे-डावीकडे’ चालत नाही, माणूस वळला की बदलतं. नदीवरून घेतले: ओघाला आणि ओघाविरुद्ध. पोरं म्हणतात ‘ओघी’ आणि ‘उलटी’. हा एक दिवस अजिबात वाया गेला नाही.

२ फेब्रुवारी

आजचं काम करून बघण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर.

दुसऱ्या भागाचा शेवट असा होता: मुक्ता धावेत उभी आहे, दोनशे मीटरवर तिला तिचा भाऊ दिसतो, ती हाक मारते, तो वळत नाही. मैत्रिणीला शंका आली. जमीन वर वळत जाते हे मला माहीत होतं, पण त्याबरोबर छतही वळतं आणि आड येतं, हे सुचलंच नव्हतं.

आधी पुठ्ठ्याचा नमुना करायला घेतला, एकास शंभर प्रमाणात. पट्ट्या कापून झाल्यावर लक्षात आलं की पूर्ण चाक सव्वादोन मीटर व्यासाचं होणार आणि दारातून बाहेर निघणार नाही. कापलेलं सगळं फेकलं. मग एकास चारशे धरलं: चाक ५६ सेंटिमीटरचं, पण तीन मीटर उंचीची धाव साडेसात मिलिमीटरची. त्यात डोळा घालून काही दिसत नाही. दोन सुट्टीचे दिवस पाण्यात.

शेवटी नमुना नकोच म्हटलं. मोकळ्या जमिनीवर एक खिळा ठोकला, दोरी बांधली, दोरीच्या टोकाला खडू. एकास वीस प्रमाण. ५ मीटर ६० सेंटिमीटरवर एक कमान काढली, ती जमीन. ५ मीटर ४५ वर दुसरी, ते छत. या दोहोंच्या मध्ये, ५ मीटर साडेबावन्नवर एक ठिपका, तो उभ्या माणसाचा डोळा. त्या ठिपक्यापासून सुतळी ताणली, छताला जेमतेम शिवेल अशी, आणि ती पुढे जमिनीला कुठे टेकते ते मोजलं.

कमानीवरून दोन मीटर वीस. म्हणजे खऱ्या मापात ४४ मीटर.

सातशे मीटरच्या धावेत माणसाला एका बाजूला ४४ मीटर जमीन दिसते. दूरवरून चालत येणाऱ्याचे आधी पाय दिसतात, मग गुडघे, शेवटी चेहरा. भाऊ दोनशे मीटरवर दिसणं शक्य नाही.

तो शेवट मी पूर्ण फाडला. नव्यात भाऊ दिसतच नाही. त्याच्या चपलांचा आवाज येतो, वळणाआडून, आणि तो ओघाला चाललाय की ओघाविरुद्ध हे मुक्ता पावलांच्या वजनावरून ओळखते. हे खरंच घडेल: ओघाला पळणारा चाकाच्या वेगात आपला वेग मिळवतो आणि जड होतो. सेकंदाला चार मीटर वेगाने पळणाऱ्याचं वजन ओघाला सुमारे ३७ टक्के वाढतं, ओघाविरुद्ध सुमारे ३१ टक्के घटतं. आवाजवाल्याने एकच धावणं दोनदा ध्वनिमुद्रित केलं, एकदा पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, एकदा मोकळं. श्रुतिकेला याहून सोयीची गोष्ट मिळाली नसती, आणि मी ती ‘दिसतो’ म्हणून लिहून बसलो होतो.

७ फेब्रुवारी

वस्तू पडताना किती सरकते? दीड मीटरवरून सोडलेली किल्ली आमच्या धावेत सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला पडते. मी आधी ओघाच्या दिशेला लिहिलं. चूक. हातातून सुटलेली वस्तू सरळ जाते, जमीन पुढे सरकते, म्हणून ती ओघाविरुद्ध पडते. तीन ठिकाणी दुरुस्ती.

याचा उपयोग चौथ्या भागात केला. ‘मी इथेच वाढलो’ म्हणणारा शंतनू वरच्या बाकावरून खाली किल्ली टाकतो, सरळ, खाली धरलेल्या हाताच्या रेषेत. किल्ली हाताशेजारून जमिनीवर. इथे वाढलेलं पाच वर्षांचं पोरही एक वीतभर ओघाला धरून टाकतं. शंतनू खोटं बोलतोय हे त्या एका खणखणाटाने कळतं. आधी यासाठी दोन पानांची उलटतपासणी लिहिली होती, ती गेली.

१५ फेब्रुवारी

आऱ्यातली लिफ्ट. सेकंदाला दोन मीटर वेग, ५६ सेकंदांत तुंब्यात. वर जाताना माणूस ओघाच्या बाजूच्या भिंतीला ढकलला जातो, आणि आसापासून १९ मीटरच्या आत आल्यावर हा आडवा रेटा वजनापेक्षा जास्त होतो. म्हणजे शेवटी भिंत हीच जमीन वाटते. लिफ्टमध्ये सगळे एकाच भिंतीला पाठ लावून उभे राहतात, नवखा कुठेही उभा राहतो. आवाज: पाठ घासल्याचा. झालं.

२१ फेब्रुवारी ते ४ मार्च

सगळ्यात वाईट पंधरवडा. मी स्थानकाला लांबलचक दांडा दिला होता: तीनशे मीटरचा तुंबा, त्याच्या मध्यावर चाक. चित्रात देखणं दिसत होतं, म्हणून. मैत्रीण म्हणाली, हे कोलमडेल. मला पटेना. चाक तर आसाभोवती सरळ फिरतंय.

तिने एक्सप्लोरर-१ चं उदाहरण दिलं. १९५८ साली सोडलेला हा उपग्रह सडपातळ होता आणि लांबट अक्षाभोवती फिरता सोडला होता. त्याच्या लवचीक अँटेना हलत राहिल्या, त्यात ऊर्जा झिजली, आणि तो आपोआप आडवा होऊन टोकावरून टोकावर गिरक्या घेऊ लागला. आमच्या स्थानकात तर पाणी डचमळतं, १६० माणसं चालतात. दांडा जड आणि लांब असेल तर तेच होणार. चाक चपटं असेल तर मात्र ते आपल्या आसाभोवती स्थिर राहतं.

दांडा तीनशेवरून चाळीस मीटरवर आणला. सहाव्या भागातला सबंध पाठलाग त्या दांड्यात होता. १७ पानं रद्दीत. ती परत काही कामी आली नाहीत. कोणी विचारलं की सगळ्यात जास्त वेळ कशात गेला, तर यात: तीन दिवस वाद, आठ दिवस नवा पाठलाग, एक दिवस नुसतं चिडणं.

यातूनच उरलेला हिशेब: सगळी माणसं सभेला एकाच ठिकाणी जमली तर? १६० जण, ७० किलोने ११ टन. स्थानक सहा हजार टनांचं धरलं आहे. तोल सुमारे २० सेंटिमीटर सरकतो, चाक किंचित लंगडं फिरतं. त्यामुळे समोरच्या बाजूला पाणी ढकलणारे पंप. सभा भरली की भिंतींतून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, आणि ज्याला सभेचं बोलावणं नाही त्यालाही कळतं की सभा भरली आहे. सातव्या भागाचं बीज हेच.

९ मार्च

सौरपट्ट्या चाकावर लावल्या तर चाकाबरोबर फिरतात. म्हणून तुंब्याच्या टोकाला न फिरणारा खांब, मध्ये फिरता सांधा. सांध्यातून फक्त वीज येते, हवा नाही. हवाबंद फिरता सांधा टाळला. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या सौरपट्ट्या फिरवणाऱ्या एका सांध्यात २००७ मध्ये धातूचा कीस सापडला होता आणि पुढच्या वर्षी अंतराळवीरांना तो बाहेर जाऊन पुसावा लागला, वंगण घालावं लागलं. आमच्या तिसऱ्या भागातलं कंटाळवाणं रोजचं काम आता हे आहे: वंगण घालणं.

येणारं यान आसाच्या रेषेत येतं आणि स्वतः तीस सेकंदाला एक गिरकी घेत लागतं. यापेक्षा जास्त तपशिलात गेलो नाही.

१६ मार्च

रेडिएटर विसरलो होतो. अवकाशात थंडी असते, तर आतलं आपोआप थंड राहील, असं डोक्यात. निर्वात म्हणजे थर्मासची भिंत; उष्णता फक्त किरणांच्या रूपाने बाहेर पडते. एक मेगावॉट वीज वापरली तर शेवटी तेवढीच उष्णता होते. ती बाहेर टाकायला, रेडिएटर साधारण सत्तावीस अंशांवर आणि दोन्ही बाजू मोकळ्या धरून, किमान अकराशे चौरस मीटर लागतात. सूर्याकडे त्यांची कड ठेवायची.

पाचव्या भागात ‘पंप बंद, आता गोठून मरणार’ असा घोष होता. तो उलटा केला. रेडिएटरचा पंप बंद, बाकी सगळं चालू: हळूहळू उकडायला लागतं. दिग्दर्शिकांनी नटांना जाड कपडे घालून बंद खोलीत मुद्रण करायला लावलं. आवाजात फरक पडला. नटांनी दोन दिवस अबोला धरला.

२३ मार्च

शांततेचा प्रसंग. मला आवडलेली माहिती: वजनरहित जागी गरम हवा वर जात नाही, कारण ‘वर’ नसतं. पंखा थांबला तर झोपलेल्याच्या तोंडाभोवती त्यानेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. म्हणून स्थानकात पंख्यांचा आवाज अखंड असतो, आणि शांतता हीच धोक्याची घंटा. लगेच लिहिलं: मुक्ता धावेतल्या आपल्या खोलीत झोपली आहे, पंखा थांबतो, शांतता तिला जागं करते.

मैत्रीण: “धावेत निम्मं वजन आहे ना? मग गरम हवा वर जाईल. एवढं साचणार नाही.”

माझाच भिंतीवरचा कागद मी विसरलो. प्रसंग तुंब्यात हलवला, रात्रपाळीच्या झोळीत.

पंख्याची घरघर कशी केली: आवाजवाल्याने टेबलपंख्यासमोर रिकामं खोकं ठेवलं, माइक खोक्याच्या आत. धावेसाठी हीच घरघर जाडसर, तुंब्यासाठी बारीक आणि जवळ. पहिल्यांदा ती इतकी मोठी ठेवली की पहिला भाग ऐकणाऱ्या दोघांना वाटलं मुद्रणात दोष आहे. कमी केली. पण कधीच शून्य केली नाही, म्हणूनच तो एक शून्याचा क्षण लागला.

१ एप्रिल

पृथ्वीशी बोलणं. एल-५ पर्यंत आवाज पोचायला १.२८ सेकंद, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांत अडीच सेकंदांहून जास्त फट. कागदावर क्षुल्लक. मुद्रण करून बघितलं तर मालिकेतला सगळ्यात अवघड प्रकार हाच.

पहिला प्रयत्न: नटांनी नेहमीसारखा संवाद म्हटला, आवाजवाल्याने संकलनात फटी घातल्या. ऐकताना फोन तुटतोय असं वाटलं. दुसरा प्रयत्न: हेडफोनमध्ये खरोखरच उशीर घालून दोघांना दोन खोल्यांत बसवलं. पाच मिनिटांत दोघं एकमेकांवर बोलू लागले, थांबले, दोघंही ‘हां, बोल’ म्हणाले, पुन्हा दोघं थांबले. यातलं गोंधळाचं खरेपण छान होतं, पण तीन पानांच्या संवादाला सोळा मिनिटं लागली.

तिसऱ्यांदा मी संवादच बदलला. एवढ्या फटीत तू-तू मैं-मैं होत नाही. माणसं एकेकदा भरपूर बोलून घेतात, पत्रासारखं, आणि ‘झालं माझं’ म्हणून थांबतात. आई-मुलीचं भांडण आता तसं आहे. आई ‘झालं माझं’ म्हणते, आणि मग अडीच सेकंद आपण तिचा श्वास ऐकतो. तिला माहीत आहे की तिचे शब्द अजून पोचलेले नाहीत आणि परत घेता येणार नाहीत. आईचं काम करणाऱ्या बाईंनी तो श्वास असा घेतला की मी पुढची चार वाक्यं कापली.

१२ एप्रिल

भोक. मूळ शेवटात एक सेंटिमीटरच्या भोकातून तीन मिनिटांत सगळी हवा जाते, माणसं भोकाकडे खेचली जातात. हिशेब: एवढ्या भोकातून सेकंदाला सुमारे १६ लिटर हवा जाते. आमच्या धावेत जवळपास सतरा हजार घनमीटर आहे. दाब दहा टक्के कमी व्हायला सव्वा दिवस. धावेचे बारा कप्पे, त्यातला एकच बंद केला तरी अडीच तासांच्या पुढे. कोणी कुठे खेचलं जात नाही. २०१८ साली आंतरराष्ट्रीय स्थानकाला लागलेल्या सोयुझ यानात सुमारे दोन मिलिमीटरचं भोक सापडलं. ते चिकटद्रव्याने बुजवलं. २०२० मध्ये दुसऱ्या एका गळतीची जागा शोधायला चहाची पत्ती हवेत सोडून ती कुठे जाते ते बघितलं.

म्हणजे माझा शेवट गेला. मला भीती हवी होती, आणि हातात अडीच तास होते.

ती मिळाली मीर स्थानकातून. २५ जून १९९७ रोजी मालवाहू यान स्पेक्टर कक्षावर आदळलं आणि दाब घटू लागला. कक्षाचं दार लावायचं, तर दारातून केबली गेलेल्या. आधी त्या सोडवाव्या-तोडाव्या लागल्या, मग दार बंद झालं. हे वाचल्यावर पहिल्या भागात परत गेलो आणि एक ओळ घातली: मुक्ताचा भाऊ सोयीसाठी कप्प्याच्या दारातून एक केबल ओढतो, ‘दोन दिवसांसाठी’. दुसऱ्या भागात तिच्यावरून कोणी अडखळतं. चौथ्यात तिच्या सोबत आणखी तीन आहेत. आठव्यात दार लागत नाही.

या बदलाला एक रात्र लागली. दांड्याच्या पाठलागाला बारा दिवस लागले होते.

२६ एप्रिल

सौरवादळ. एल-५ वर पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडोसा नाही. ऑगस्ट १९७२ चं मोठं वादळ अपोलो १६ आणि १७ यांच्या मधल्या काळात आलं, तेव्हा बाहेर कोणी नव्हतं. आमच्याकडे पाण्याच्या टाक्यांनी वेढलेली एक खोली आहे, १६० जण उभे राहतील एवढीच. पण सगळे एका जागी म्हणजे तोल जाणार, आणि तोल सावरायचं पाणी टाक्यांतून उपसलं की आडोसा जाणार. मैत्रिणीने तोडगा दिला: अशा दोन खोल्या, चाकावर समोरासमोर, ८०-८० माणसं. मग कोणी कुठल्या खोलीत जायचं, यावरच सातवा भाग झाला.

१८ मे

आठही भाग मुद्रित. २०० पानांच्या संहितेसाठी लिहून टाकलेली पानं मोजली: १३८. पुठ्ठ्याचा एकास चारशेचा अर्धवट नमुना आवाजवाल्याने नेला, माइकखाली ठेवायला.

३१ मे

शेवटचं ऐकणं. सहाव्या भागात, बाविसाव्या मिनिटाला, शंतनू म्हणतो, “खाली पृथ्वीवर कोणाला काय पडलंय.” त्रिशंकूवर खाली म्हणजे धावेच्या बाहेर, आणि पृथ्वी कुठल्याच अर्थाने खाली नाही. चौघांपैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा मुद्रण करायचं तर तो नट गावाला गेलेला. मी ओळ कापायला सांगितली.

दिग्दर्शिका म्हणाल्या, “शंतनू तिथे वाढलेलाच नाही ना?”

ओळ ठेवली. फक्त तिच्यानंतर मुक्ता अर्धा क्षण गप्प राहते, तेवढी जागा आवाजवाल्याने करून दिली.